राजीनाम्याचा हक्क : मंगळवेढ्याचे गावकूस, बडोद्याची सराय आणि सोलापूरचे वसतिगृह

"बाबासाहेबांच्या पुण्याईने मिळालेली नोकरी अशी लाथाडायची का गं?"

हे वाक्य बुधवार पेठेतल्या आमच्या अभ्यासवर्गात एका मुलीला ऐकवले गेले. ऐकवणारा कुणी मनुवादी नव्हता. ऐकवणारे आम्हीच होतो. ('पुण्याई' हा शब्द अजून आपल्या जिभेवर कसा बसून आहे, तेही बघा.)

मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर. बाप मिलमध्ये बदली कामगार होता. मिलच बंद पडली, त्यामुळे नोकरी सोडायची की धरायची हा प्रश्न त्याच्या वाट्याला आलाच नाही, नोकरीनेच त्याला सोडले. मुलगी शहरातल्या एका खाजगी वित्तीय कार्यालयात हिशेबाच्या टेबलावर बसत होती. कार्यालयाचे नाव आम्ही घेणार नाही, कारण प्रश्न एका कार्यालयाचा नाही. तिथे तिला कुणी शिवी दिली नाही. आजचा जातिवाद शिव्या देण्याइतका अडाणी राहिलेला नाही. ती डबा घेऊन बसली की शेजारच्या दोघी 'आमचं झालं' म्हणून उठत. १४ एप्रिलची रजा मागितली तेव्हा साहेबांनी हसत विचारले, "डीजेपुढे नाचायला का?" बेरीज चुकली की "कोट्यातली माणसं" असा शेरा यायचा. वास्तविक त्या कार्यालयात आरक्षण नावाला नाही, ती परीक्षा आणि मुलाखत देऊन आत गेलेली. पण कोटा त्यांच्या डोक्यात असतो, तो नेमणूकपत्रात असावाच असे नाही. शेवटी दुसऱ्याच्या टेबलावरची रोख तूट तिच्या नावावर मांडायचा प्रयत्न झाला. तिची झोप उडाली, तिशीच्या आत रक्तदाबाची गोळी सुरू झाली.

आणि आम्ही? आम्ही तिला दोन वर्षे एकच सांगत राहिलो. टिकून राहा. जागा सोडू नकोस. तू निघालीस तर त्यांना तेच हवे आहे. हे सगळे वाक्प्रचार आम्हाला तोंडपाठ आहेत, कारण चळवळीत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. एके रविवारी तिने शांतपणे विचारले, "सर, बाबासाहेब बडोद्याहून निघून आले, ते पळून आले का?"

त्या रविवारी आमच्याकडे उत्तर नव्हते. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहावा लागला. उत्तर शोधायला आधी बडोद्याला जाण्याऐवजी आपल्याच जिल्ह्यात मागे जावे लागते, कारण 'नोकरी सोडू नकोस' हा सल्ला आपल्या समाजाला कधीपासून आणि कुणी दिला, हे तिथे दिसते.

मंगळवेढा सोलापूर जिल्ह्यातच आहे. चोखोबांचा शेवट तिथे झाला. परंपरा सांगते की मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू होते, त्यासाठी महारांना वेठीला धरले होते, भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर चोखामेळाही गाडला गेला. साल १३३८ सांगतात. पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. नामदेवांनी हाडे कानाला लावली, ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून उचलली आणि पंढरपुरात समाधी बांधली. कीर्तनात डोळ्यांना पदर लागतो तो हाडांच्या चमत्काराला. पण या कथेतला इतिहास हाडांत नसून भिंतीत आहे. ज्या गावकुसाच्या आत त्याला राहायची बंदी होती तेच गावकूस तो बांधत होता, आणि "मला हे काम करायचे नाही" असे म्हणण्याची मुभा त्याला नव्हती. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला, तो काही भोळ्या भक्तीपोटी नाही.

चोखोबांच्या भिंतीनंतर सहाशे वर्षे सोलापूरच्या खेड्यांत हीच व्यवस्था वतन या गोड नावाने चालू होती. वतन म्हटले की पाटलाचे, कुलकर्ण्याचे वतन आठवते आणि ते मानाचे वाटते. महारवतनाचा मान काय होता? चावडी झाडणे, सारा वसुलीसाठी लोकांना बोलावून आणणे, सरकारी खजिना तालुक्याला पोचवणे, आलेल्या अंमलदाराच्या घोड्याची व्यवस्था करणे, गावातल्या मयताची वर्दी पाऊसपाण्यात पायी दुसऱ्या गावी नेणे, मेलेले ढोर ओढणे, सीमेच्या तंट्यात शीव दाखवणे. कामाला वेळ नाही, रात्र नाही, सुटी नाही. मोबदला म्हणून इनाम जमिनीचा तुकडा, जो भावकीत वाटला जाऊन एकेकाच्या वाट्याला काही फूट यायचा. वर बलुते, म्हणजे खळ्यावर हात पसरून मागायचे धान्य. आणि येसकर पाळीला घरोघरची शिळी भाकरी.

१८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत अधिकार कायद्याने इंग्रज सरकारने या सगळ्यावर कायद्याचा शिक्का मारला. सरकारी कारकून राजीनामा देऊन घरी जाऊ शकत होता, पण महार वतनदाराला अशी सुटका नव्हती. पाळीचा महार सापडला नाही तर त्याच्या घरातला जो हाती लागेल त्याला कामाला लावत, बाप असो की भाऊ. म्हणजे नेमणूक एका माणसाची नव्हती, कुटुंबाची होती. जन्माला येणे हीच नेमणूक आणि मरण हीच निवृत्ती.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. त्या बिलाचा गाभा काय होता ते आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावे. महाराला पगार वाढवून द्या, एवढीच मागणी त्यात नव्हती. ज्याला या कामातून मुक्त व्हायचे आहे त्याला जमिनीचा पूर्ण सारा भरून मुक्त होता यावे, जमीन त्याच्याकडेच राहावी, आणि बलुत्याची भीक बंद होऊन तिची रीतसर पैशात आकारणी व्हावी, अशी ती मागणी होती. आजच्या भाषेत सांगायचे तर बाबासाहेब आपल्या माणसांसाठी राजीनाम्याचा हक्क मागत होते.

विरोध कुणी केला? सरकारने केला, कारण फुकटातला चाकर कुणाला नको असतो? गावच्या वतनदारांनी केला. आणि हे लिहिताना आमची लेखणी अडखळते, पण लिहिले पाहिजे, आपल्यातल्याही अनेकांनी केला. वतन गेले तर आहे तो तुकडाही जाईल, बलुते बंद झाले तर खायचे काय, बावन्न हक्कांची सनद वाडवडिलांनी मिळवली ती सोडायची कशी, ही त्यांची भीती होती. ती मूर्खपणाची नव्हती. ज्याच्या घरात दुसऱ्या दिवसाचे पीठ नाही त्याला शिळी भाकरीही हक्क वाटते. बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत'मधून या भीतीशी वाद घातला. वतनाच्या तुकड्याने महाराला गावाला बांधून ठेवले, त्याची महत्त्वाकांक्षा मारली, हे ते सांगत राहिले. बिलाचा मूळ हेतूच मारला जातो आहे असे दिसल्यावर १९२९ साली त्यांना ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावनोकरांची वतने नाहीशी करणारा कायदा अखेर १९५८ सालचा, अंमल १९५९ पासून. तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. म्हणजे आपल्यापैकी ज्यांचे आजोबा हयात असतील त्यांनी विचारून पाहावे. ज्याला राजीनामा देता येत नव्हता असा माणूस अजून आपल्या घरात खाटेवर बसलेला सापडेल.

हे झाले खेड्याचे. सोलापूर शहर तर गिरणगाव. १८७७ ला उभी राहिलेली जुनी मिल, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम. गिरणीत माणूस सुटा असतो, हजेरीला आला नाही तर फार तर नाव कापले जाते, असे आपण समजतो. पण याच शहरात सेटलमेंट होती. आजही रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हटले की तो बरोबर नेऊन सोडतो, पण त्या शब्दाचा अर्थ आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. कैकाडी, भामटा, पारधी अशा जमातींची कुटुंबे इथे काटेरी तारेच्या आत आणून ठेवली. रोजची हजेरी, बाहेर जायला पास, आणि सोलापूरच्या गिरण्यांमध्ये काम. हे काम नको, दुसऱ्या गावी जातो, असे त्यांच्यातला कुणी म्हणाला असता तर तो बेकार न ठरता फरारी ठरला असता. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. देश १९४७ ला स्वतंत्र झाला आणि हे लोक आणखी पाच वर्षांनी, म्हणून तर विमुक्त दिन वेगळा साजरा होतो. या सेटलमेंटवरचा मोठा अधिकारी होता स्टार्ट. याच स्टार्टच्या अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने १९२८ साली दलित आणि आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली आणि तिचे एक सभासद होते डॉ. आंबेडकर. इतिहास अशी माणसे एका टेबलावर आणून बसवतो.

तेव्हा सोलापूरचा धडा असा की इथल्या शोषित माणसाची गुलामी केवळ 'काम मिळत नाही' अशी नव्हती, 'काम सोडता येत नाही' अशीही होती. बलुतेदारी, वेठ, सेटलमेंट, या तिन्हींत कामाची कमतरता कधीच नव्हती! संविधानाचे २३ वे कलम आपण घाईत वाचतो. मानवी व्यापार आणि वेठबिगारी बंद, एवढेच लक्षात ठेवतो. पण वेठबिगारी बंद याचा दुसरा अर्थ, या देशात प्रत्येकाला काम सोडून उठून जाण्याचा हक्क आहे, असा होतो. चोखोबाला तो नव्हता.

आता बडोदा.

बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीत दोनदा गेले. पहिल्यांदा जानेवारी १९१३ मध्ये, आणि थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारीला, वडील वारले म्हणून परत आले. त्याच वर्षी ४ जूनला त्यांनी संस्थानाबरोबर करार केला. अमेरिकेतल्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आणि त्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. हल्ली कंपन्या दोन वर्षांचा बाँड लिहून घेतात आणि आमच्या पोरांना घाम फुटतो, इथे दहा वर्षे होती. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन करून ते १९१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उतरले आणि करार पाळायला सप्टेंबरात बडोद्याला गेले. महाराज सयाजीराव त्यांना पुढे अर्थखात्यात मोठी जबाबदारी देणार होते, तूर्त लष्करी सचिव म्हणून नेमले. वरून पाहिले तर यापेक्षा चांगली नोकरी कुठली? राजा स्वतः पाठीशी, पद मोठे, पुढचा मार्ग मोकळा.

पण कार्यालय राजा चालवत नाही, कार्यालय शिपाई आणि कारकून चालवतात. शिपाई फायली हातात न देता टेबलावर लांबून टाकायचे. साहेब जायला उठले की जाजम गुंडाळून घ्यायचे. कचेरीत प्यायला पाणी मिळायचे नाही. ज्या माणसाने जगातल्या उत्तम विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले त्याला चौथी शिकलेला शिपाई विटाळ मानत होता, आणि सगळी कचेरी शिपायाच्या बाजूने होती. आमच्या मुलीचा 'आमचं झालं' म्हणून रिकामा होणारा बाक आणि ते गुंडाळलेले जाजम यांच्यात शंभर वर्षांचे अंतर आहे. दुसरे कुठले आहे का, ते वाचकांनी ठरवावे.

तरीही बाबासाहेबांनी बडोदा सोडले ते कचेरीमुळे नाही, निदान फक्त कचेरीमुळे नाही. त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणात ही हकीकत स्वतः लिहिली आहे आणि ती कचेरीपेक्षा घराची हकीकत आहे. हिंदू हॉटेलात जागा नाही, म्हणून ते पारशी सरायमध्ये गेले. सराय फक्त पारश्यांसाठी. रखवालदाराला गिऱ्हाईक हवे होते, रोज दीड रुपया मिळणार होता, त्याने वहीत पारशी नाव लिहून घेतले. वरच्या मजल्यावर अडगळीने भरलेल्या मोठ्या दिवाणखान्याशेजारी ते एकटे राहू लागले. सरकारी बंगल्यासाठी दिवाणांकडे अर्ज केला, निर्णय होईना. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघताना डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावर हजर. संध्याकाळपर्यंत चालते व्हा, सापडलात तर बघून घेऊ.

त्या दिवशी त्यांनी कुणाकुणाला विचारले ते पाहा. संस्थानाच्या मंत्र्याला गाठले, तो सहानुभूतीपलीकडे काही देऊ शकला नाही. मग दोन मित्र. एक हिंदू. तो म्हणाला, तू माझ्या घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ब्राह्मण असून ख्रिस्ती झालेला. तो म्हणाला, बायको उद्या येते, तिला विचारून सांगतो. बाबासाहेब पुढे विचारायला थांबले नाहीत. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी शहराबाहेरच्या कामाठी बागेत काढले. बागेतल्या त्या तासांचे वर्णन ते अनेक वर्षांनी लिहितात तेव्हाही त्यांचे डोळे भरून येतात.

प्रश्न पुन्हा तोच. हे पळून येणे होते का?

आम्ही आता निःशंकपणे म्हणतो, नव्हते. करार मोडला जाईल हे माहीत असून, घरी खाणारी तोंडे असून, हातात दुसरी नोकरी नसून ते निघाले. कारण जिथे जिवाची हमी नाही तिथे नोकरी हा शब्दच खोटा आहे. आणि किंमतही चुकवली. पुढे बडोदा सरकारने शिष्यवृत्तीच्या पैशांची मागणी केली. मुंबईत त्यांनी दोन मुलांच्या शिकवण्या धरल्या. शेअर बाजाराचा सल्ला देणारी कचेरी काढली, सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक बंद झाले. केळुस्कर गुरुजींनी बडोद्यात एका प्राध्यापकाच्या घरी सोय करून पुन्हा पाठवून पाहिले. स्टेशनावरच चिठ्ठी हातात पडली की घरात बायकोचा विरोध आहे. तसेच परत.

मात्र गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धी राहते आणि अर्धी गोष्ट घातक असते, कारण मग उद्या कुणीही एका अपमानाने राजीनामा फेकेल आणि बाबासाहेबांचे नाव घेईल. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. तिथे काय वेगळे होते? प्राध्यापकांच्या पाण्याच्या माठाला त्यांनी हात लावायला सहकाऱ्यांची हरकत होती. शिकलेले सहकारी, राजधानीचे शहर, सरकारी कॉलेज आणि माठ तोच! पण इथून ते अकरा दिवसांत निघाले नाहीत. मार्च १९२० पर्यंत राहिले. परळच्या चाळीत काटकसरीने संसार केला, पगारातून पैसे बाजूला टाकले. लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करायचे होते. त्यासाठी शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. भथेना पारशी होते. (काठ्या घेऊन आलेलेही पारशीच होते, जातीवरून माणूस ओळखणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) पैसे जमले आणि त्यांनी राजीनामा दिला.

दोन कार्यालये, दोन्हीकडे विटाळ. एकीकडे लगेच उठले, दुसरीकडे दीड वर्ष सोसले. फरक धैर्याचा नव्हता. बडोद्यात थांबण्याने पुढे काहीच जाणार नव्हते, जीव मात्र जाण्याची शक्यता होती. सिडनहॅममध्ये प्रत्येक महिन्याचा पगार त्यांना लंडनच्या जवळ नेत होता. नोकरी मुक्कामाची नव्हती, तिकिटाची होती. आमचा 'टिकून राहा' हा सल्ला इथे फसला. आम्ही टिकायला सांगितले, पण कशासाठी टिकायचे ते कधी विचारले नाही. ती मुलगी त्या टेबलावर दोन वर्षे टिकली, त्यातून तिला ना बढती मिळणार होती, ना शिक्षण, ना पैसा. फक्त गोळी लागली.

तिसरा राजीनामा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. २७ सप्टेंबर १९५१, केंद्रीय कायदामंत्री. हिंदू कोड बिल सरकारने वाऱ्यावर सोडले, अनुसूचित जातींच्या प्रश्नांकडे दुर्लक्ष, महत्त्वाच्या खात्यांपासून आणि समित्यांपासून दूर ठेवणे, परराष्ट्र धोरण अशी कारणे त्यांनी स्वतःच मांडली. यातली एकच गोष्ट आम्हाला इथे महत्त्वाची वाटते. तब्येत ठीक नाही म्हणून राजीनामा दिला, असे म्हणायची सोय सगळ्यांना होती आणि त्यांची तब्येत खरोखर ठीक नव्हती. बाबासाहेबांनी ती सोय नाकारली. आजारपणामुळे कर्तव्य सोडणारा मी नव्हे, असे त्यांनी निवेदनात स्पष्ट केले. ११ ऑक्टोबरला सभागृहात ते निवेदन वाचायला उभे राहणार तर उपसभापतींनी प्रत आधी मागितली. त्यांनी ती अट मानली नाही, सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांच्या हाती दिले. नोकरी सोडणाऱ्याकडून मालकाला नेहमी एकच हवे असते, 'वैयक्तिक कारणास्तव'. हे दोन शब्द लिहून घेतले की कार्यालय स्वच्छ, आणि पुढच्या मुलीसाठी तोच बाक तयार.

सोलापूरकडे परत येऊ. २० जुलै १९२४ ला बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. आणि ४ जानेवारी १९२५ ला, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, या सभेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. कुठे? सोलापुरात. मुलांचे राहणे, जेवण, कपडे, वह्या-पुस्तके सभेने पत्करली, आणि सोलापूर नगरपालिकेने त्याला दरमहा चाळीस रुपयांचे अनुदान दिले. याच नगरपालिकेने जानेवारी १९३८ मध्ये बाबासाहेबांना मानपत्र दिले, त्याचे फोटो आपण फ्लेक्सवर लावतो. चाळीस रुपयांचा फ्लेक्स कुणी लावलेला आम्ही पाहिला नाही.

बडोद्यात ज्या माणसाला एका रात्रीचे छप्पर मिळाले नाही, त्याच्या संघटनेने आठ वर्षांच्या आत आपल्या गावात छप्पर उभे केले. हा संबंध त्यांनी कुठे लिहून ठेवलेला नाही, तो आमचा आहे. पण विचार करा. त्या वसतिगृहात आलेला मुलगा कुठून आला? तो माढा-मोहोळकडच्या, करमाळ्याकडच्या एखाद्या गावातून, पाळीच्या महाराच्या घरातून आला. त्याच्या बापाला राजीनामा देता येत नव्हता. मुलाने सोलापूरची गाडी धरली तेव्हा त्या घराण्यातला पहिला राजीनामा पडला. अर्ज न लिहिता, कुणाचा शिक्का न घेता. आणि तो पडू शकला कारण पलीकडे झोपायला जागा आणि ताटात भाकरी होती.

आमची चूक आम्हाला इथे सापडली. चळवळ म्हणून आम्ही त्या मुलीला सल्ला दिला. वसतिगृह दिले नाही. 'लढ' म्हणायला काही खर्च येत नाही. तिला खरी गरज कशाची होती? तीन महिन्यांचा घरखर्च निघेल असा आधार. दुसरीकडे अर्ज करायला रविवारची मोकळी दुपार. रोख तुटीचा आळ कागदावर खोडून काढायला हिशेब समजणारा माणूस. जातिवाचक बोलण्याची तारीखवार नोंद ठेवायला एक वही, आणि अॅट्रॉसिटी कायद्यात काय बसते आणि काय बसत नाही हे खोटी आशा न दाखवता सांगणारा वकील. यातले एकही आम्ही दोन वर्षांत केले नव्हते. आम्ही तिच्यापुढे बाबासाहेबांचा फोटो धरला होता, त्यांची पद्धत नाही.

मग केले. उशिरा केले, पण केले. वर्गातल्या अकरा जणांनी दरमहा काही रक्कम बाजूला काढायचे ठरवले. त्याला फंड म्हणा, भिशी म्हणा, आम्ही त्याला अजून नाव दिलेले नाही. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या आमच्या एका दादांनी तिच्याबरोबर चार रविवार बसून त्या तुटीची नोंद कुठल्या टेबलावरून कुठे आली ते तारखेनिशी लावून दिले. तिच्या आईला पटवायला मात्र सगळ्यात जास्त वेळ गेला. ती माउली एकच म्हणायची, "हातातलं सोडून पळत्याच्या मागं लागू नये." तिला आम्ही इतिहास सांगितला नाही. १९२८ च्या बिलाला घाबरलेल्या आपल्याच वाडवडिलांची भीती तिच्या तोंडून बोलत होती, आणि त्या भीतीला उत्तर दर महिन्याच्या एक तारखेलाच देता येते.

राजीनामा तिने स्वतः लिहिला. मराठीत, साडेतीन पानी झाला होता. आम्ही कापून एका पानावर आणला. त्यात विशेषणे ठेवली नाहीत. तारखा, प्रसंग, कोण हजर होते आणि रोख तुटीच्या प्रकरणाचा खुलासा, एवढेच. कार्यालयातून दुसऱ्या दिवशी निरोप आला की मॅडम, 'वैयक्तिक कारण' एवढंच लिहून द्या, अनुभवाचं प्रमाणपत्र आजच देतो. ती दुपारभर विचार करत बसली. प्रमाणपत्र तिला हवे होते, पुढच्या नोकरीला लागणार होते. आमच्यातल्या दोघांनी तर, खरे सांगायचे म्हणजे, लिहून टाक असेच सुचवले.

चार वाजता ती एकटीच पुन्हा गेली. तेच एक पान, दोन प्रती. एक प्रत आवक टेबलावर दिली आणि दुसरीवर शिक्का मारून मागितला. टेबलावरचा माणूस आत विचारायला गेला, बराच वेळ आला नाही. ती उभी राहिली. पावणेसहाला कार्यालय बंद व्हायच्या वेळेला तो आला आणि त्याने शिक्का मारला, तारीख घातली, सही केली. ती प्रत सध्या आमच्या अभ्यासवर्गाच्या कपाटात आहे. प्रमाणपत्र अजून आलेले नाही. त्यासाठीचा स्मरण अर्ज येत्या सोमवारी जाणार आहे.